घरटी एक काच

माझ्या नोकरीत उजेडाला फार महत्त्व होतं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "चाकरीच्या आठवणी लिहा" असं कळवलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या दवाखान्याची उत्तरेकडची खिडकी. त्या खिडकीत माझं टेबल, टेबलावर पितळी नळीचा सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या बुडाला एक गोल आरसा. बाहेरचा उजेड त्या आरशावर पडायचा, आरसा तो वर काचेवर फेकायचा, आणि मग मला माणसाचं रक्त दिसायचं. गावात वीज नव्हती. आभाळ भरून आलं की माझं खातं बंद. आषाढात तर सकाळी दहा ते दुपारी तीन एवढाच काय तो उजेड, आणि तोही पावसाच्या मर्जीवर.

मी डॉक्टर नव्हतो. हिवतापाची काच तपासणारा साधा तंत्रज्ञ होतो. कुणाला ताप आला की त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचं, सुपारीएवढं सारवायचं, वाळवायचं, रंगवायचं आणि वर तेलाचा थेंब टाकून भिंगाखाली पाहायचं. रक्तात हिवतापाचा जंतू असेल तर अंगठीसारखी बारीक निळी कडी दिसते, कडीवर खड्यासारखा लाल ठिपका. कधी कधी विळ्याच्या पात्यासारखा वाकडा जंतू दिसतो. तो दिसला की समजावं, हा वाईट जातीचा ताप. एक काच नीट बघायला दहा मिनिटं लागतात. घाईत बघणाऱ्याला जंतू दिसत नाही.

तेव्हा आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात होतो, सिंधुदुर्ग पुष्कळ नंतरचा. इकडे तोंडवळीच्या किनाऱ्यापासून तिकडे खाडीपलीकडच्या वाड्यांपर्यंत आमच्या दवाखान्याची हद्द. खांद्याला पिशवी अडकवून मी वाडीत शिरलो की बायका ओरडायच्या, "काचवालो इलो गो, पोरांक आत घेवा!" माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. एका म्हाताऱ्या आजीने तर मला रस्त्यात अडवून जाब विचारला होता, "माझा रगत घेवन गेलंस ता परत कित्या आणूक नाय?" तिला काय सांगणार? तिच्या रक्ताची काच धुऊन मी दुसऱ्याच्या रक्ताला वापरलीसुद्धा होती. काचा मोजक्या, त्या सोड्याच्या पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा वापराव्या लागत.

एका शाळेतल्या गुरुजींना आम्ही काचा देऊन ठेवल्या होत्या, गावात कुणाला ताप आला तर रक्त घेऊन ठेवा म्हणून. आठ दिवसांनी त्यांनी दहा काचा आणून दिल्या, सगळ्या कशा सुबक सारवलेल्या. भिंगाखाली घातल्या, तर प्रत्येक रक्तपेशीच्या पोटात एक गाभा. माणसाच्या लाल पेशीत गाभा नसतो, पाखराच्या असतो. मी गुरुजींना म्हटलं, "गुरुजी, तुमच्या गावातल्या माणसांना पंख फुटलेले दिसतात." गुरुजी ओशाळले. पोरांची बोटं टोचायचा त्यांना धीर झाला नव्हता, म्हणून घरचा कोंबडा कापला त्या दिवशी त्याचंच रक्त दहा काचांवर घातलं होतं. ही गोष्ट मी आजवर शंभरदा सांगितली आहे. काच खोटं बोलत नाही, असं म्हणत छाती फुगवून सांगितली आहे. जी गोष्ट सांगितली नाही ती आता सांगतो.

साल सत्तावन्न. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी बोटीने गावाला आले. पावसाळ्यापुरत्या बोटी बंद होण्याआधी शेवटच्या बोटीने जे आले त्यांच्याबरोबर नवा ताप आला. मुंबईत त्याला फ्लू म्हणत होते. वर्तमानपत्रं चार दिवस उशिरा यायची, त्यांतून कळलं की ही साथ जगभर आहे. आमच्याकडे ती आधी किनाऱ्याला लागली आणि मग वाडीमागून वाडी खाडी ओलांडून गेली. घरात एक आडवा झाला की दोन दिवसांत सगळं घर आडवं. अंग ठेचून काढल्यासारखं दुखायचं, डोकं फुटायचं, खोकला. धडधाकट माणूस पाच-सहा दिवसांत उठायचा. म्हातारी माणसं आणि पोटुशा बायका यांचं मात्र काही सांगता येत नसे. लावणीचे दिवस, आणि चिखल करून ठेवलेल्या शेतांत लावायला माणूस नाही.

या फ्लूची परीक्षा आमच्याकडे नव्हती. वरून पत्र आलं की रोग्याच्या घशाच्या गुळण्या बाटलीत भरून बर्फात ठेवून पाठवा. आमच्या गावात पावसाळ्यात बर्फ कुठून आणायचा? डॉक्टरांनी ते पत्र फायलीला लावलं आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला एकच गोष्ट तपासता येत होती, ती म्हणजे हा ताप हिवताप नाही ना. काच कोरी आली की फ्लू समजायचा आणि काढा, पुडी, विश्रांती सांगायची. काच भरली, म्हणजे जंतू दिसला, की हिवतापाच्या गोळ्या द्यायच्या. गोळ्या बेताच्याच होत्या, त्या फ्लूवर उधळायच्या नाहीत असा हुकूम होता. त्याआधीची तीन-चार वर्षं घरोघर डीडीटीची फवारणी झाली होती, हिवताप बराच ओसरला होता. त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच, की हा फ्लूच.

आमचे डॉक्टर घाटावरचे, तरुण आणि सरळ मनाचे. रोज दवाखान्याच्या पडवीत शंभरेक माणसं कण्हत बसलेली, आणि खिडकीत मी एकटा. उजेड असेतो मी पंचवीस-तीस काचा बघायचो, बाकीच्या साठत जायच्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे असं नाही चालायचं. एका घरात सगळ्यांना एकदमच ताप आला असेल तर तो एकच ताप. घरटी एक काच घे. ती कोरी तर सगळं घर फ्लूचं."

मला नियम पटला. खरं सांगायचं तर मला तो आवडला, कारण माझं काम निम्म्याहून कमी झालं. त्या नियमात एक भोक होतं, ते डॉक्टरांना दिसणं शक्य नव्हतं. ते घाटावरचे होते. मी इथला होतो, मला दिसायला हवं होतं.

आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला मान असतो. देवळात गाऱ्हाणं कुणी घालायचं, पालखीला पहिला खांदा कुणाचा, नवं भात आधी कुणी कापायचं, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मानासाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. अशा गावात मी घराघरांत जाऊन सांगत होतो की एकाचंच रक्त घ्यायचंय. मग ते एक कोण? घरातला कर्ता पुरुष. मी काही न विचारता तो हात पुढे करायचा आणि घरातलं कुणी हूं की चूं करायचं नाही. महिनाभरात माझ्या नोंदवहीत ओळीने म्हातारे पुरुष होते. एकदा मी ती पानं चाळत होतो तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं होतं. गंमत वाटली आणि मी पान उलटलं.

खाडीपलीकडच्या वाडीत आबा गावकारांचं घर. आबा म्हणजे गावचे पहिले मानकरी, देवाचा कौल त्यांना विचारल्याशिवाय लागत नसे. मोठा मुलगा मुंबईला गिरणीत. त्याची बायको शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याला, रानातलं गाव. चार महिन्यांची मुलगी घेऊन ती जूनमध्ये सासरी आली, आणि पुढच्या पंधरवड्यात साथ त्या वाडीत शिरली.

मी गेलो तेव्हा दुपार कलत होती, पाऊस लागून राहिला होता. ओटीवर आबा घोंगडी पांघरून बसले होते. शेजारची दोन माणसं समाचाराला आलेली. आत आबांची बायको आणि धाकटा मुलगा झोपून. उभी होती ती एकटी शेवंती. चुलीवर सगळ्यांसाठी पेज ठेवून ती बाहेर आली आणि तिने माझ्यापुढे हात धुवायला पाणी ठेवलं. तिचा चेहरा लाल झालेला, ओठ सुकलेले. कडेवरची मुलगी किरकिरत होती.

"बस रे काचवाल्या," आबा म्हणाले. "सगळा घर आडवा पडला आसा."

एकाचंच रक्त घ्यायचंय असं सांगत मी पिशवी उघडली, स्पिरिटचा बोळा काढला. आबांनी घोंगडीतून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

"घेवचा तर माझा घे. ह्या घरात पयलो मान माझो."

मी त्यांचं बोट टोचलं, काच सारवली, पेन्सिलीने नाव घातलं. ती वाळायला हातात धरून बसलो, तेव्हा दाराआडून आवाज आला.

"भाऊ, माझाय एक थेंब घेतास काय?"

मी वर बघितलं. शेवंती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओटीवरच्या माणसांनी मान वळवली. आबा खाली बघत राहिले.

"घरटी एकच काच, वहिनी," मी म्हटलं. "डाक्टरांचो नियम आसा."

तिने मान हलवली आणि आत गेली. माझ्या पिशवीत त्या वेळी चार कोऱ्या काचा होत्या. मला घरी जायची घाई होती, खाडी ओलांडणारी होडी, आमच्याकडची 'तर', सुटायच्या आत गाठायची होती, आणि आणखी एक काच म्हणजे उद्याच्या उजेडातली आणखी दहा मिनिटं. मी का नाही म्हटलं याची मी पुढे पुष्कळ कारणं शोधली. त्यांतलं एकही मला पुरलं नाही.

आबांची काच कोरी निघाली. मी वहीत त्या घरापुढे 'फ्लू' असं लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी आबांचा शेजारी भिजत दवाखान्यात आला. "डाक्टरांक घेवन चल. आबांची सून कायबाय बडबडता, डोळे फिरवल्यान." डॉक्टर आणि मी निघालो. खाडीला पूर आलेला, तरवाला होडी घालायला तयार होईना. त्यात दीड तास गेला. आम्ही पोचलो तेव्हा ती माजघरात निपचित पडली होती. आबांची बायको उशाशी बसून म्हणत होती, "कालपासून कोणाक वळखना नाय. पोराक पण वळखना नाय." डॉक्टरांनी डोळे उघडून पाहिले, पोट चाचपलं, आणि एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "हिची काच?"

मी पिशवीतून कोरी काच काढली. त्यांना उत्तर कळलं. त्यांनी बॅगेतून हिवतापावरचं कोयनेलचं इंजेक्शन काढून दिलं, काच बघायला थांबले नाहीत. मी तिचं बोट टोचलं, तेव्हा बोट थंडगार होतं आणि रक्त दाबून काढावं लागलं. चार दिवसांपूर्वी याच बोटाचा थेंब ती आपणहून देत होती.

संध्याकाळच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून मी ती काच बघितली. शोधावं लागलं नाही. भिंग टेकवल्याबरोबर कड्याच कड्या, एकेका पेशीत दोन-दोन, आणि मधूनमधून ते वाकडे विळे. म्हणजे दुखणं माहेरच्या रानातून आलेलं, आणि आत पंधरा-वीस दिवस तरी मुरलेलं. त्या दुपारी तिची काच घेतली असती तर दुसऱ्या दिवशी मला हेच दिसलं असतं, गोळ्या गेल्या असत्या, आणि ती बहुधा वाचली असती. बहुधा हा शब्द मी डॉक्टरांचा लिहितोय. माझ्या मनात तो नाही.

डॉक्टरांनी स्वतः भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नियम माझा होता. तू मनाला लावून घेऊ नकोस." थोड्या वेळाने म्हणाले, "घरच्यांना आता सांगून काय होणार?" आम्ही सांगितलं नाही. गावच्या दप्तरात तिचं मरण साथीच्या तापात लागलं.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना मानाची गोष्ट सांगितली. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "हे तू मला महिन्यापूर्वी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या सकाळपासून नियम बदलला. घरटी एकच काच, पण घरातल्या सगळ्यांत जास्त आजारी माणसाची, आणि कुणाला दिवसाआड थंडी भरत असेल किंवा कुणी रानातल्या गावाहून आलं असेल तर त्याची वेगळी. मग मी ओटीवर थांबायचं सोडलं. थेट माजघरात जायचो, चुलीपाशी जायचो. म्हातारे रागावले, एकाने मला काठी उगारून हाकललं. त्या पावसाळ्यात आणखी काही काचा भरलेल्या निघाल्या, बहुतेक बायकांच्या आणि पोरांच्या. ती माणसं बरी झाली. कुणी बरं झालं की डॉक्टर मला मुद्दाम येऊन सांगायचे. मला आनंद व्हायचा आणि लगेच शेवंती आठवायची.

आबांच्या घरी मी पुन्हा गेलो नाही. पुढे हिवताप निर्मूलनाचं मोठं काम निघालं, दर पंधरवड्याला घरोघर माणूस जाऊन ताप विचारायचा. माझ्या हाताखाली दोन-तीन जण आले. खाडीपलीकडची ती वाडी मी नेहमी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला घालायचो. आठ वर्षं अशी काढली. मग एका श्रावणात माझा माणूस आजारी पडला, आणि त्या वाडीत ताप आल्याची वर्दी आली. जायला दुसरं कुणी नव्हतं.

आबा ओटीवर त्याच जागी बसले होते. फार थकले होते, पण मला आवाजावरून ओळखलं.

"इतकी वर्सा खंय होतंस रे? तुझी माणसा येतत, तू येणस नाय."

ताप आबांना होता आणि त्यांच्या नातीलाही होता. शेवंतीच्या कडेवर किरकिरत होती तीच ही, कुंदा. आठ वर्षांची झालेली, आईसारखेच डोळे. खांबाला टेकून ती माझ्याकडे बघत होती. मी पिशवी उघडली, स्पिरिटचा बोळा काढला. ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. मी नातीला पाणी आणायला आत पाठवलं आणि बोलून टाकलं.

"आबा, माका तुमका एक सांगूचा आसा. शेवंतीवहिनी साथीन गेली नाय. तिच्या रगतात हिवताप होतो. त्या दिवशी तिची काच घेतली आसती तर ती वाचली आसती. तिणां माझ्याकडे मागलेल्यान. मी नाय म्हटलंय."

वाटलं, म्हातारा काठी घेऊन उठेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. आबा हलले नाहीत.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"कसा?"

"तू येवच्या आदल्या दिवशी तिणां माका सांगलेल्यान. मामंजी, माका एक दिस सोडून थंडी भरता, म्हायेराक पण भरलेली. मी म्हटलंय, काचवालो येतलो तेव्हा त्येका सांगूया." आबा थांबले. त्यांचा श्वास लागला होता. "मगे तू इलंस. ओटयेर माणसा बसलेली. तू म्हटलंस एकाचाच घेवचा. सगळ्यांसमोर सून पयली कशी करू? मी हात पुढे केलंय. तिणां दाराआडसून मागला, तेवापण मी गप रवलंय. तू नियम पाळलंस रे, मी मान पाळलंय."

मी रडलो. चाळिशीला टेकलेला सरकारी माणूस, हातात स्पिरिटचा बोळा धरून रडलो. आठ वर्षं मला वाटत होतं की ते दुखणं माझ्या एकट्याचं आहे. तो म्हातारा तेच घेऊन त्याच ओटीवर बसला होता, आणि माझी वाट बघत होता.

कुंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. आबांनी तिला जवळ ओढलं, तिचा डावा हात आपल्या हातात घेऊन माझ्यापुढे धरला.

"आधी हिचा घे."

मी आधी तिचं घेतलं, मग आबांचं. तोवर नियम सुधारला होता. काच घेतानाच गोळ्यांचा पहिला डोस द्यायचा, उत्तराची वाट बघायची नाही. दोघांना गोळ्या दिल्या आणि परतलो.

आमच्या कामात एक रीत आहे. काच भरली तर माणूस धावत सांगायला जातो. काच कोरी निघाली तर कुणी जात नाही, वहीत एक आडवी रेघ मारायची की झालं. दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, खिडकीत चांगला उजेड आला. मी कुंदाची काच लावली. दहा मिनिटांच्या जागी अर्धा तास बघितली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितली. मग सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं, टोपी घातली आणि तर गाठली.

आबा ओटीवरच होते. कुंदा त्यांच्या पायाशी बसून गजगे खेळत होती.

"आबा, नातीचा रगत साफ आसा."

आबांनी मान वर केली. "साफ आसा म्हणान सांगूक कोण येता रे?"

"मी इलंय."

आबांनी हळूच विचारलं, "आणि माझा?"

"तुमची काच अजून बघूक नाय, आबा. हिची बघलंय आणि तसोच इलंय."

आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरा केलंस," ते म्हणाले.